इंग्रजी प्रावीण्य परीक्षा आणि हाताशी थोडा वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षेला चारच आठवडे उरले आहेत. एवढ्या वेळात माझे इंग्रजी सुधारेल का?

इंग्रजी फारसे सुधारणार नाही. गुण मात्र सुधारू शकतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सुरुवातीलाच मान्य केले, तर चार आठवडे सत्कारणी लागतात. युरोपीय भाषास्तरांच्या चौकटीत ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत आणि त्यांतली एक पायरी चढायला मार्गदर्शनाखालील अभ्यासाचे साधारण २०० तास लागतात, असे ढोबळ मान धरले जाते. रोज दोन तास दिले तरी चार आठवड्यांत ५६ तासच भरतात. तेव्हा महिन्याभरात एक अख्खा स्तर वर नेण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्याचा हिशोब आधी विचारावा.

मात्र अनेक परीक्षार्थींना त्यांच्या सध्याच्या इंग्रजीला साजेसे गुणही मिळत नाहीत. वेळ पुरत नाही, प्रश्न अर्धवट वाचला जातो, ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी स्पष्ट सूचना असताना तीन शब्द लिहिले जातात, उत्तर माहीत असूनही स्पेलिंग चुकते. हे गळणारे गुण अडवणे चार आठवड्यांत नक्की जमते, आणि पुढची सगळी उत्तरे याच कामाविषयी आहेत.

कोणती परीक्षा द्यावी?

ज्या विद्यापीठाकडे, व्यावसायिक मंडळाकडे किंवा व्हिसा कार्यालयाकडे अर्ज करायचा आहे, ते कोणती परीक्षा आणि तिचा कोणता प्रकार स्वीकारतात हे त्यांच्याच अधिकृत माहितीतून आधी पाहावे. आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेचे ॲकॅडेमिक (मुख्यतः उच्च शिक्षणासाठी) आणि जनरल ट्रेनिंग (मुख्यतः नोकरी किंवा स्थलांतरासाठी) असे दोन प्रकार आहेत. त्यांचे वाचन आणि लेखनाचा पहिला भाग वेगळा असतो, आणि चुकीचा प्रकार निवडला तर चांगला निकालही निरुपयोगी ठरतो.

एकापेक्षा जास्त परीक्षा चालत असतील, तर स्वभाव पाहून ठरवावे. समोर माणूस असला की मोकळे बोलता येते, अशांना आयईएलटीएस सोयीची पडते, कारण तिची तोंडी परीक्षा परीक्षक घेतो. पीटीई ॲकॅडेमिक ही दुसरी परीक्षा साधारण दोन तासांची असून सगळी संगणकावर होते. बोलायचे मायक्रोफोनमध्ये, तेही शेजारी इतर परीक्षार्थी बोलत असताना. तिच्यात मध्येच सुमारे तीन सेकंद गप्प राहिलात तर त्या उत्तराचे ध्वनिमुद्रण थांबते. त्यामुळे विचार करत, थांबत बोलणाऱ्यांचे तिथे नुकसान होते. ड्युओलिंगोची परीक्षा सुमारे तासाभराची असते आणि घरून देता येते, पण ती स्वीकारली जाते की नाही याची खात्री अधिक काटेकोरपणे करावी.

एक इशारा इथेच देतो. टोफेल या आणखी एका परीक्षेचे स्वरूप जानेवारी २०२६ पासून बदलले आहे: वाचन आणि श्रवण हे भाग आता परीक्षार्थीच्या उत्तरांनुसार सोपे-कठीण होतात आणि गुण १ ते ६ या नव्या पट्टीवर दिले जातात. पीटीईमध्येही ऑगस्ट २०२५ मध्ये बोलण्याचे दोन नवे प्रश्नप्रकार आले. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी परीक्षा दिली अशा मित्रांची पुस्तके प्रेमाने घ्यावीत, पण त्यांतला नमुना आजच्या परीक्षेशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

येथून पुढे उदाहरणे मुख्यतः आयईएलटीएसची घेतली आहेत. तयारीची पद्धत इतर परीक्षांनाही लागू पडते.

तयारीची सुरुवात कुठून करावी?

पहिल्याच दिवशी, काहीही न वाचता, घड्याळ लावून एक पूर्ण सराव परीक्षा द्यावी. निकाल वाईट येईल या भीतीने बहुतेक जण ती शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि तोवर दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो.

परीक्षा झाल्यावर नुसते गुण मोजून वही मिटू नये. चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे चुकण्याचे कारण लिहावे: शब्द माहीत नव्हता, प्रश्न चुकीचा वाचला, उतारा समजला पण वेळ संपला, उत्तर बरोबर होते पण स्पेलिंग किंवा अनेकवचन चुकले. चाळीसपैकी चौदा उत्तरे चुकली आणि त्यांतली सहा ‘प्रश्न चुकीचा वाचला’ या रकान्यात पडली, तर शब्दांच्या याद्या पाठ करणे हा तुमच्यासाठी कालापव्यय आहे. ही कारणांची वही माझ्या मते कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाची, कारण ती फक्त तुमच्याविषयी असते.

एकूण बँड कसा काढतात? आणि त्याचा तयारीशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे. बँड म्हणजे आयईएलटीएसच्या ० ते ९ या पट्टीवरचे गुण. चारही भागांच्या बँडची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या बँडवर नेतात, सरासरी .२५ वर आली तर ती वरच्या अर्ध्यावर आणि .७५ वर आली तर वरच्या पूर्ण बँडवर जाते. श्रवणात ६.५ आणि बाकी तिन्ही भागांत ६ असतील, तर सरासरी ६.१२५ येते आणि एकूण बँड ६ च राहतो. श्रवणात ७ मिळवले की सरासरी ६.२५ होते आणि एकूण बँड ६.५ होतो. म्हणजे एकाच भागातल्या अर्ध्या बँडने निकालाचा एकूण आकडा बदलतो.

श्रवणात आणि ॲकॅडेमिक वाचनात ४० पैकी साधारण २३ उत्तरांना ६, ३० उत्तरांना ७ आणि ३५ उत्तरांना ८ बँड मिळतो. जनरल ट्रेनिंगच्या वाचनात तेवढ्याच बँडसाठी अधिक उत्तरे बरोबर यावी लागतात. थोड्या दिवसांत वाढ होते ती बहुधा श्रवण आणि वाचन यांतच. लेखन सर्वांत हळू वाढते. मात्र प्रत्येक भागात किमान बँडची अट असेल, तर हे गणित बाजूला ठेवून सर्वांत कच्च्या भागाकडे वळावे लागते.

नोकरी सांभाळून रोज दीड-दोन तासच मिळतात. ते कसे वापरावेत?

सलग एक तास घड्याळ लावून परीक्षेच्या एका भागासाठी आणि उरलेला वेळ त्याच दिवशीच्या चुका तपासण्यासाठी. तपासणीचा वेळ कापून आणखी एक चाचणी सोडवण्याचा मोह होतो, तो टाळावा. येता-जाता श्रवण होऊ शकते आणि फोनवर स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करता येते, पण लेखन मात्र टेबलाशी बसूनच करावे लागते. आठवड्यातला एक सुट्टीचा दिवस पूर्ण परीक्षेसाठी राखून ठेवावा, कारण श्रवण, वाचन आणि लेखन लागोपाठ पावणेतीन तासांच्या आसपास चालते आणि त्या बैठकीची सवय हाही तयारीचा भाग आहे.

वाचनात वेळ पुरत नाही. काय करावे?

६० मिनिटांत ४० प्रश्न असतात आणि उत्तरे उतरवून घ्यायला वेगळा वेळ मिळत नाही. ॲकॅडेमिकमधल्या तीन उताऱ्यांत शेवटचा सहसा सर्वांत अवघड असतो, म्हणून पहिला १५ ते १७ मिनिटांत आटोपण्याची सवय लावावी. एका प्रश्नावर दीड मिनिट गेले की अंदाजाने उत्तर लिहून पुढे जावे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा रकाना कोरा ठेवण्यात काहीच अर्थ नाही. पीटीईत मात्र काही प्रश्नांत चुकीच्या निवडीसाठी गुण वजा होतात, त्यामुळे हा सल्ला तिथे सरसकट लावू नये.

‘ट्रू’, ‘फॉल्स’ आणि ‘नॉट गिव्हन’ यांत नेहमी गोंधळ होतो.

वाचनाच्या या प्रश्नप्रकारात एक विधान देतात आणि ते उताऱ्यानुसार खरे, खोटे की उताऱ्यात सांगितलेलेच नाही, हे ठरवायचे असते. हा गोंधळ इंग्रजी कच्चे असल्यामुळे होत नाही, तर्क सैल सुटल्यामुळे होतो. एक कल्पित वाक्य घेऊ: ‘ग्रंथालय १९५२ मध्ये सुरू झाले आणि पहिली दहा वर्षे तेथून फक्त सभासदांना पुस्तके घरी नेता येत असत.’ आता पहिले विधान: ‘सुरुवातीपासून कोणालाही पुस्तके घरी नेता येत असत.’ उतारा याच्या थेट विरुद्ध सांगतो, म्हणून ‘फॉल्स’. दुसरे विधान: ‘सभासदांना वर्गणी भरावी लागे.’ सभासद म्हटले की वर्गणी आलीच, असे आपले मन परस्पर ठरवून टाकते आणि आपण ‘ट्रू’ लिहून मोकळे होतो. पण उताऱ्यात वर्गणीचा शब्दही नाही. उत्तर ‘नॉट गिव्हन’.

स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे विधान खोटे आहे, असे उताऱ्यातल्या कोणत्या शब्दांवर बोट ठेवून मला दाखवता येईल? बोट ठेवायला जागा सापडली तर ‘फॉल्स’. विधान खरे असल्याचेही दाखवता येत नाही आणि खोटे असल्याचेही दाखवता येत नाही, तेव्हा ‘नॉट गिव्हन’. विषय तुमच्या व्यवसायातला असेल तर अधिक सावध राहावे. स्वतःचे ज्ञान इथे शत्रूचे काम करते.

श्रवणात ऐकलेले कळते, तरी उत्तरे का चुकतात?

ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते आणि तिच्यात सापळे मुद्दाम पेरलेले असतात. बोलणारी व्यक्ती आधी मंगळवार म्हणते, मग ‘नाही, त्या दिवशी मला जमणार नाही, गुरुवारी येते’ असे म्हणते. घाईत लिहिणारा मंगळवार लिहून बसलेला असतो. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत फरक आघाताचा आहे: पहिल्यात बहुधा शेवटच्या भागावर जोर असतो, दुसऱ्यात पहिल्या. अनेकवचनाचा ‘स’ ऐकू येऊनही लिहायचा राहतो आणि पूर्ण गुण जातो.

सर्वांत महागात पडणारी सवय मात्र वेगळीच आहे, आणि ती मी स्वतः भोगली आहे. एका सराव परीक्षेत सतरावे उत्तर हुकले. ते आठवत बसलो असताना अठरावे आणि एकोणिसावे निघून गेले आणि विसावे मी एकोणिसाव्याच्या जागी लिहिले. हुकलेल्या उत्तरावर जागच्या जागी पाणी सोडून पुढच्या प्रश्नातला मुख्य शब्द शोधू लागणे, हे सरावानेच अंगवळणी पडते. कागदावर परीक्षा असेल तर उत्तरे उतरवायला शेवटी १० मिनिटे मिळतात, संगणकावर तपासणीसाठी फक्त दोन. सराव करताना हा फरक पाळावा.

लेखनात मी चांगले लिहितो असे सगळे म्हणतात, तरी बँड ६ च्या पुढे जात नाही. असे का?

चांगले लिहिणे आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहिणे यांत परीक्षक फरक करतो. ६० मिनिटांत दोन लेख लिहायचे असतात, पहिला किमान १५० शब्दांचा आणि दुसरा किमान २५० शब्दांचा, आणि दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट महत्त्व आहे. प्रत्येक लेख चार निकषांवर समान वजनाने तपासला जातो: विचारलेले उत्तर दिले का, मांडणीत सुसंगती आहे का, शब्दसंपदा कशी आहे, आणि व्याकरण किती विविध व अचूक आहे. पहिल्या निकषावर बँड अडकला, तर बाकीच्या तिहींवर कितीही नक्षीकाम केले तरी ते फार वर नेत नाही.

समजा प्रश्न असा आहे: ‘शहरांच्या मध्यभागी खासगी मोटारींना बंदी घालावी, असे काहींना वाटते. आपण याच्याशी किती प्रमाणात सहमत आहात?’ बहुतेक परीक्षार्थी ‘मोटारी’ आणि ‘शहर’ हे शब्द पाहतात आणि प्रदूषणावर अडीचशे शब्द लिहितात. प्रश्न प्रदूषणाचा नाही, बंदी योग्य की अयोग्य याचा आहे. आणि ‘मध्यभागी’, ‘खासगी’ व ‘किती प्रमाणात’ या तिन्ही शब्दांची दखल उत्तरात दिसायला हवी. पेन उचलण्याआधी पाच मिनिटे घेऊन कच्च्या कागदावर असे टिपण करावे: माझे मत, सहमत, पण अपंग व्यक्ती आणि आणीबाणीची वाहने वगळून. पहिला परिच्छेद, रस्त्याची जागा मोजकीच असते आणि एका मोटारीत बहुधा एकच माणूस असतो. दुसरा परिच्छेद, बंदीआधी सार्वजनिक वाहतूक पुरेशी हवी, नाहीतर बोजा दूर राहणाऱ्यांवर पडतो. एवढे ठरले की वाक्ये आपोआप सुचतात, आणि विसाव्या मिनिटाला ‘आता काय लिहू’ म्हणून छताकडे पाहायची वेळ येत नाही.

प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा असावा, आणि तो का खरा आहे हे सांगणारी दोन-तीन वाक्ये त्याच्या मागे उभी असावीत. शेवटची चार मिनिटे फक्त चुका शोधण्यासाठी राखावीत: आर्टिकल (‘अ’, ‘ॲन’, ‘द’), क्रियापदाचा ‘स’, काळ, स्पेलिंग.

सरावाबाबत माझे मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगतो. थोड्या वेळात तीस निबंध लिहिण्यापेक्षा आठ लिहावेत, ते जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि तेच आठ पुन्हा लिहावेत. पहिल्या खर्ड्यातली चूक दुसऱ्यात दुरुस्त करताना हाताला जे वळण लागते, ते नवा विषय घेऊन तीच चूक परत करण्याने लागत नाही.

तयार निबंध पाठ करून लिहिले तर चालतील का?

नाही. पाठ केलेला मजकूर ओळखण्याचे प्रशिक्षण परीक्षकांना असते, आणि प्रश्नाशी न जुळणारी झुळझुळीत प्रस्तावना पुढच्या मोडक्या वाक्यांच्या शेजारी अधिकच उघडी पडते.

मोठमोठे शब्द पाठ करावेत का?

याद्या पाठ करून महिन्याभरात शब्द ओळखू येतात, वापरता येत नाहीत. ज्या शब्दाच्या आगेमागे कोणते शब्द येतात हे माहीत नाही, तो परीक्षेत वापरू नये. त्यापेक्षा माहीत असलेल्या शब्दांच्या जोड्या पक्क्या कराव्यात: निर्णय ‘मेक’ करतात, गृहपाठ ‘डू’ करतात, पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नसतो.

मातृभाषा मराठी असल्यामुळे नेमक्या कोणत्या चुका होतात?

या चुका ओळखता आल्या तर थोड्या दिवसांतही कमी होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना समांतर काही नाही, म्हणून ती एक तर गळतात किंवा नको तिथे येतात. ‘मी दोन वर्षांपासून इथे काम करतो आहे’ हे वाक्य जसेच्या तसे नेले की ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ तयार होते. हवे असते ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’. ‘तिथेच राहतो’ मधला ‘च’ इंग्रजीत ‘ओन्ली’ होऊन वाक्याच्या शेपटीला लटकतो. ‘हळूहळू’चे ‘स्लोली स्लोली’ होते. ‘त्याविषयी चर्चा केली’ मधल्या ‘विषयी’मुळे ‘डिस्कस’ पुढे ‘अबाउट’ येते, जे तिथे नको असते. आणि वाक्याच्या शेवटचे आपले लाडके ‘ना?’ प्रत्येक ठिकाणी ‘इझन्ट इट’ होऊन बसते.

उच्चारात ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोघांचेही आपण ‘व’ करतो. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘डब्ल्यू’ला दातांचा संबंध येत नाही आणि ओठ गोल होतात. आरशासमोर ‘वेट’ आणि ‘व्हेट’ दहा वेळा म्हणून पाहावे. त्याहून महत्त्वाचा आहे आघात: ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या भागावर आहे, ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो. चुकीच्या जागी जोर दिला की ओळखीचा शब्दही ऐकणाऱ्याला अनोळखी वाटतो.

तोंडी परीक्षेसाठी परदेशी धाटणीने बोलावे लागते का?

नाही. बोलणे सहज समजावे एवढीच अपेक्षा असते. उसनी धाटणी चौथ्या वाक्यात सुटते आणि कानाला खटकते. आयईएलटीएसची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची आणि तीन भागांची असते. पहिल्या भागात ओळखीच्या विषयांवर दोन-तीन वाक्यांची उत्तरे पुरतात. दुसऱ्यात एक विषय मिळतो, तयारीला एक मिनिट मिळते आणि दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचे असते. त्या एका मिनिटात पूर्ण वाक्ये लिहायला बसू नये; पाच-सहा शब्द पुरेत. तिसऱ्या भागात त्याच विषयाची व्यापक चर्चा होते.

रोज एक विषय घेऊन दोन मिनिटे ध्वनिमुद्रित करावी आणि दुसऱ्या दिवशी ऐकावी. स्वतःचा आवाज ऐकणे पहिले तीन दिवस नकोसे वाटते. चौथ्या दिवसापासून दर वाक्याला येणारा ‘ॲक्चुअली’ आणि वाक्य अर्धवट सोडून नवे सुरू करण्याची सवय आपली आपल्यालाच ऐकू येऊ लागते.

क्लास लावणे आवश्यक आहे का?

वाचन आणि श्रवण यांसाठी नाही. लेखन तपासायला मात्र कोणीतरी जाणकार हवा. तो क्लासमध्ये भेटला काय आणि ओळखीत भेटला काय, सारखेच.

आदल्या दिवशी काय करावे?

नवीन चाचणी सोडवू नये. कारणांची वही एकदा चाळावी, नोंदणी ज्या ओळखपत्रावर केली तेच मूळ ओळखपत्र पिशवीत ठेवावे, आणि तोंडी परीक्षा त्याच दिवशी आहे की वेगळ्या, हे पुन्हा पाहावे. ती लेखी परीक्षेच्या आधी किंवा नंतरही असू शकते.

एकाच भागात अर्धा बँड कमी पडला तर पूर्ण परीक्षा पुन्हा द्यावी लागेल का?

नेहमीच नाही. संगणकावर आयईएलटीएस दिली असेल, तर बऱ्याच ठिकाणी चारपैकी एकच भाग पुन्हा देण्याची सोय आहे. ती मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत घ्यावी लागते. असा निकाल प्रत्येक संस्था मान्य करतेच असे नाही, म्हणून पैसे भरण्याआधी संस्थेला लेखी विचारून घ्यावे. लेखन किंवा बोलणे यांचा बँड अनपेक्षितपणे कमी आला असेल, तर पुनर्तपासणीचा अर्जही करता येतो. श्रवण आणि वाचन यांची उत्तरे ठरलेली असतात, त्यामुळे तिथे पुनर्तपासणीतून फरक पडण्याची शक्यता कमी. तो वेळ एका भागाच्या फेरपरीक्षेच्या तयारीला द्यावा.